दुकान खेळांचं, तारण घराचं



या सदराच्या टपालात काय काय असतं ते आता तुम्हालाही पाठ झालं असेल. न जुळणारी भिशी, दहावीचा मुलगा, नणंदेचं बाळंतपण, पावसाळ्यात नासणारं लोणचं. पण गेल्या पंधरवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतून एका भगिनींचं आठ पानी पत्र आलं आणि जेवणं आवरल्यावर मी ते पुन्हा काढून वाचलं. नाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे. छापणार नाही. पण प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देते.

त्या लिहितात: “आमचे हे पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत होते. करोनात घरी आले ते इथूनच काम करू लागले. रात्री दोघा मित्रांबरोबर मोबाईलवरचा खेळ बनवायचे. तो खेळ चालला. वर्षभरात साडेअकरा लाख आले. मग नोकरी सोडली, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, गारखेड्याला एका मेडिकलच्या वरचा मजला घेतला, सहा मुलं कामाला ठेवली. उद्घाटनाचा नारळ मीच फोडला. दुसरा खेळ मोठा करायला घेतला. त्याला दोन वर्षं झाली, अजून पुरा नाही. परदेशातल्या प्रकाशकाने पैसे द्यायचं कबूल केलं होतं, त्याने हात वर केले. आता फ्लॅट तारण ठेवून ३० लाख काढायचं म्हणतात. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. कंपनी लिमिटेड आहे, घराला धोका नाही, असं हे सांगतात. भाऊ म्हणतो, सही केलीस तर माझ्या दारात रडत येऊ नकोस. सासूबाई म्हणतात, पुरुषाच्या धंद्यात बाईने आडवं येऊ नये. मी सही करू का? आणि बंदच करायची वेळ आली तर असला धंदा बंद तरी कसा करतात? ह्यांना मी कमी लेखते असं त्यांना वाटू नये.”

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. पण सहीआधी धंदा समजून घेऊ. ज्या कागदावर आपण नाव घालायचं त्याच्यामागे काय आहे ते बाईला कळलंच पाहिजे, आणि त्याला कॉम्प्युटर यावा लागत नाही, घरखर्चाची वही ठेवता आली की पुरे.

तुमच्याकडे धंदा म्हटलं की वाळूज डोळ्यांसमोर येतं. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि त्याच्या आधाराने कितीतरी लहान शेड उभ्या राहिल्या. शेडवाल्याचं बिल थकतं, लाईट जाते, कामगार गावी निघून जातो, सगळं खरं. पण ऑर्डर आधी येते आणि माल मग बनतो. खेळ बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओचं उलटं आहे. तिथे दोन-तीन वर्षं माल बनतच राहतो आणि गिऱ्हाईक कोण ते कोणालाच ठाऊक नसतं. मग एके दिवशी खेळ दुकानात लागतो आणि पहिल्या काही आठवड्यांत काय ते ठरून जातं. दिवाळीचा फराळ विकणाऱ्या बाईसारखं समजा. तिची कमाई त्या आठ दिवसांतच. फरक एवढाच की फराळाचं सामान महिनाभर आधी भरतात, इथे सामान म्हणजे सहा मुलांचे दोन वर्षांचे पगार.

आपण तो हिशोबच मांडू या. पत्रातल्या आकड्यांवरून, सहा मुलांना सरासरी ४० हजार धरले तर महिन्याला २ लाख ४० हजार. भाडं, वीज, इंटरनेट मिळून आणखी ३५ हजार. म्हणजे महिना पावणेतीन लाख. दोन वर्षांचे ६६ लाख. यात तुमच्या यजमानांचा आणि त्यांच्या भागीदारांचा पगार धरलेला नाही. तो त्यांनी घेतला नसणारच, म्हणजे तो तुमच्या घराने भरला. आता खेळाची किंमत ५०० रुपये ठेवली असं समजा. कॉम्प्युटरवरच्या खेळांचं सगळ्यांत मोठं दुकान स्टीम. ते शंभरातले तीस ठेवून घेतं. राहिले ३५०. नुसते ६६ लाख परत मिळवायला १८ हजार ८५७ प्रती खपायला हव्यात, तेही पूर्ण किमतीला. सणासुदीला निम्म्या भावात लावला तर दुप्पट. शिवाय गिऱ्हाईक १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळून कंटाळलं तर पैसे परत घेऊ शकतं. साडी नेसून पाहून परत करण्यातलाच प्रकार! आणि त्या दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. रोजचे पन्नासेक झाले. गुलमंडीत एकाच दिवशी पन्नास नवी दुकानं उघडली तर तुम्ही कितींची पायरी चढाल?

राहता राहिला तो प्रकाशक. पुस्तकाच्या प्रकाशकासारखाच हा. खेळ होईपर्यंत पैसे देतो, जाहिरात करतो. पण ते पैसे बक्षीस नसतात, ती उचल असते, आणि उचल हा शब्द मराठवाड्यात समजावून सांगायला नको. खेळ विकायला लागला की बहुतेक करारांत आधी त्याची उचल फिटते, मग वाटणी. निम्मी वाटणी धरली तर वरचा १८ हजारांचा आकडा ३७ हजारांच्या पुढे जातो. आणि ठरलेला टप्पा आवडला नाही तर पुढचे पैसे तो थांबवू शकतो. तुमच्याकडे तेच झालंय. यात तुमच्या यजमानांची अक्कल काढायचं कारण नाही. २०२३ पासून जगभर या धंद्यात पैसा आटला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

आता आपल्याच राज्यातली एक हकिकत. १९९९ साली विशाल गोंडल या विशीतल्या तरुणाने मुंबईत इंडियागेम्स नावाची कंपनी काढली. तेव्हा आपल्याकडे घरात कॉम्प्युटर असणं हीच श्रीमंती होती. खेळ बनवणं हा धंदा आहे हे सांगितलं तर लोक हसत असतील. पुढे बटणांचे मोबाईल आले आणि त्या इवल्याशा पडद्यावर क्रिकेट, स्पायडरमॅन, ब्रूस ली असे खेळ या कंपनीने आणले. विक्री मोबाईल कंपन्यांमार्फत व्हायची. आपल्या मुलांनी चुकून बटण दाबलं की आपले बॅलन्समधले पैसे कापले जायचे, आठवतंय ना? त्या पैशांतला मोठा वाटा मोबाईल कंपनीच ठेवून घेई. तरी कंपनी वाढली. बीजिंगच्या टॉम ऑनलाइन कंपनीने २००५ च्या सुमारास तिचा बहुतांश हिस्सा घेतला, २००७ मध्ये तो यूटीव्हीकडे गेला, आणि २०१२ मध्ये डिस्नेने यूटीव्हीच पूर्ण ताब्यात घेतली तेव्हा इंडियागेम्सही डिस्नेच्या घरात गेली. चढत्या कमानीची गोष्ट. सोळा-सतरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या होतकरू मुलाला विचारलं असतं तर त्याने इथे नोकरी लागावी म्हणून नवस बोलला असता.

पण तोवर फोनच बदलला होता. २००८ मध्ये ॲपलने फोनमध्येच आपलं दुकान उघडलं, मागोमाग गूगलचं आलं. खेळ फुकट मिळू लागले. फुकट खेळणाऱ्या शंभरांतले मोजकेच खिशात हात घालतात. बाकीच्यांना जाहिरात दाखवायची. मोबाईल कंपनीमार्फत पन्नास रुपयांना खेळ विकायचा जुना मार्ग सुकत गेला. गोंडल २०१३ मध्ये बाहेर पडले. २०१६ मध्ये डिस्नेने जगभरातच खेळांच्या धंद्यातून हात आखडते घेतले आणि भारतातला हा विभागही बंद केला. म्हणजे जी कंपनी विशीतल्या मुलाने काढली तिचं दार लागलं ते सातासमुद्रापलीकडे घेतलेल्या निर्णयाने.

ही गोष्ट तुम्हाला का सांगितली? तिच्यातला मोठा पैसा भागभांडवल म्हणून आला होता. भागभांडवल बुडालं तर ज्याने गुंतवलं त्याचं बुडतं, आणि तो ते जाणूनच आलेला असतो. कर्ज बुडालं तर जामीनदार बुडतो. तुमच्या घरात जे येऊ घातलंय ते दुसऱ्या प्रकारचं आहे.

तुमच्या यजमानांना मुंबईपेक्षा पुण्याचं उदाहरण जवळचं वाटेल. तेच त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा स्टुडिओने ‘राजी’ नावाचा खेळ केला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या बहिणीची गोष्ट, देवी दुर्गेने दिलेल्या त्रिशूळासकट. माझ्या भाच्याने मला तो दाखवला. राजवाडे, कमळं, बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, सगळं देखणं. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा करायचा प्रयत्न केला, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी नेट लावून काम केलं. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर पडला आणि त्या वर्षी जागतिक पुरस्कारांत पहिल्याच खेळाच्या गटात पाच नामांकनांत आला. बक्षीस दुसऱ्याला मिळालं, पण पुण्याचं नाव तिथवर गेलं हे काय थोडं झालं? असं एखादं उदाहरण असलं की पुरुषमाणसाला आणखी सहा महिने, आणखी सहा महिने असं वाटत राहतं. ते वाटणं खोटं नसतं. म्हणूनच त्याला मुदत घालायची, आणि मुदत घालणारं माणूस घरातलंच लागतं.

बंद करण्याचे दोन प्रकार तुम्हाला दाखवते, दोन्ही परदेशातले, कारण तिथे या गोष्टी उघडपणे छापून येतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात टेलटेल गेम्स नावाची कंपनी होती. २००४ मध्ये निघाली, २०१२ मध्ये तिचा ‘द वॉकिंग डेड’ हा खेळ प्रचंड गाजला. मग एकामागून एक खेळ, माणसं वाढत गेली. २१ सप्टेंबर २०१८ या दिवशी सुमारे अडीचशे जणांना सांगण्यात आलं की नोकरी संपली. भरपाई नाही. आरोग्यविमाही त्या महिनाअखेरपर्यंतच, म्हणजे जेमतेम नऊ दिवस. घरात गरोदर सून असेल, कोणाचं डायलिसिस चालू असेल, त्या घरात त्या संध्याकाळी काय झालं असेल ते आपण बायकाच जाणतो.

दुसरी जर्मनीत म्युनिकची मिमिमी गेम्स. २००८ च्या सुमारास विद्यार्थी पोरांनी सुरू केलेली. खेळ चांगले, लोकांनी वाखाणलेले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी नवा खेळ बाजारात आणला आणि दोन आठवड्यांच्या आतच जाहीर केलं की आम्ही थांबतोय. कारणं त्यांनी सरळ सांगितली. पंधरा वर्षांच्या या कामाचा आमच्यावर आणि आमच्या घरच्यांवर फार भार पडला. प्रत्येक खेळाचा खर्च आधीच्यापेक्षा वाढतो. आणि तग धरायचा तर लगेच पुढच्या खेळासाठी वर्षानुवर्षं बांधून घ्यावं लागेल. ते आता नको. खेळात जी भर घालायची राहिली होती ती डिसेंबरमध्ये घातली आणि मग दार लावलं. गल्ला पार रिकामा होऊन कुलूप लागेपर्यंत त्यांनी वाट पाहिली नाही. मला विचाराल तर यालाच मी व्यवहार म्हणते.

आता सहीकडे येऊ.

तुमचे यजमान म्हणतात कंपनी लिमिटेड आहे, घराला धोका नाही. अर्धं बरोबर आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं देणं सहसा कंपनीपुरतं राहतं, भागीदारीच्या धंद्यासारखं ते थेट घरात शिरत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही राहतं घर तारण देऊन कर्जावर जामीन राहता, त्या दिवशी त्या भिंतीला तुम्ही स्वतःच्या हाताने दार पाडता. आपल्याकडच्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, ‘मी फक्त सही केली’ हे चालत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत धरतात. मग २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक ६० दिवसांची नोटीस देते, आणि तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर दिवाणी दावा न लावताही तारणाचा ताबा घेण्याचा तिला अधिकार आहे. बँकेचं यात काही चुकत नाही, तुम्हीच लिहून दिलेलं असतं. म्हणून विचारते, ३० लाख आले तर ते किती महिने पुरतील? महिना पावणेतीन लाख, वर हप्ता. दहा महिनेसुद्धा नाही. दोन वर्षांत न झालेला खेळ दहा महिन्यांत पुरा होऊन, विकला जाऊन, पैसे हातात येतील का? हा प्रश्न तुम्ही यजमानांना विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर मागा.

माझं मत मागितलंत म्हणून सांगते: राहत्या घरावर सही करू नका. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तुमच्या सहीशिवाय तो पूर्ण तारण होत नाही, आणि ही सही न करण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो आवाज न चढवता वापरता येतो.

दागिन्यांचंही बोलून ठेवते, कारण फ्लॅट नाही म्हटलं की पुढची नजर कपाटाकडे जाते. माहेरून आणि लग्नात मिळालेलं स्त्रीधन तुमचं एकटीचं असतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केलं: नवऱ्याचा त्यावर ताबा नाही, अडीअडचणीला वापरलं तरी ते परत करणं त्याचं कर्तव्य आहे. खुशीने द्यायचं असेल तर द्या, पण सोनाराची पावती आणि वजन तुमच्या वहीत उतरलेलं असू द्या.

आणखी एक, फारशा बायकांना माहीत नसलेलं. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा एक कायदा आहे. त्याखाली नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या नावे काढला तर त्या पैशाला धंद्याचे सावकार हात लावू शकत नाहीत, मात्र देणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूने काढलेला नसावा. विमा घेतानाच तसा अर्ज भरावा लागतो, मागाहून चालत नाही. एजंट आपणहून सांगत नाहीत, विचारा. पीपीएफचंही तसंच, त्यातली शिल्लक कोर्टाच्या हुकुमानेसुद्धा कर्जापोटी जप्त होत नाही. धंदा करणाऱ्या माणसाच्या बायकोने या दोन गोष्टी धंदा चांगला चाललेला असतानाच करून घ्याव्यात. तुमच्याकडे साडेअकरा लाख आले तेव्हा त्याची वेळ होती; आता पुढच्या पगारातून करा.

मग लगेच बंदच करायचं का? तसंही नाही. यजमानांबरोबर एक रविवार बसा, मुलांना आजीकडे पाठवून. एक तारीख ठरवा आणि एक आकडा. समजा चार महिने, आणि घरातून आता एक पैसाही नाही. त्या चार महिन्यांत काय करता येतं? एक, खेळाचा जो भाग पुरा झालाय तेवढाच छोटा खेळ म्हणून कमी किमतीत बाजारात आणता येतो का ते पाहायचं. दुसरं, दुसऱ्यांचं काम घ्यायचं. वाळूजच्या शेडमध्ये ज्याला जॉबवर्क म्हणतात तेच. बंगलोरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही १९९७ ची कंपनी स्वतःच्या खेळांनी नव्हे, परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी मोटारी, माणसं, रस्ते यांची चित्रं करून देऊन मोठी झाली आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या बड्या कंपनीने ती विकत घेतली. स्वतःचा खेळ करायला निघालेल्या माणसाला दुसऱ्याच्या मोटारी रंगवणं कमीपणाचं वाटतं खरं. पण त्यातून सहा पोरांचे पगार सुटतात.

शेजारणी विचारतात म्हणून तुम्ही लिहिलंय, ‘हे जुगाराचं तर नाही ना?’ नाही हो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. त्यात बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी ते खेळ गुंडाळले. गोष्टीचे, कोड्यांचे, मारामारीचे विकत मिळणारे खेळ त्यात येत नाहीत. शेजारणीला एवढं सांगून चहा द्या.

आता तारीख आली आणि थांबायचं ठरलं, तर. हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि याची माहिती फारसं कोणी देत नाही, कारण उद्घाटनाला सगळे येतात.

पहिलं म्हणजे मुलांना आधी सांगा. हातात दोन-अडीच महिन्यांचे पगार शिल्लक असतानाच सांगा, शेवटच्या दिवशी नव्हे. तीही कोणाची तरी मुलं आहेत, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाच्या वडिलांनी शेत विकून कॉम्प्युटर घेऊन दिलाय. सहा माणसांच्या ऑफिसला प्रॉव्हिडंट फंड सक्तीचा नसतो, तो वीस माणसांपासून; ग्रॅच्युइटीचा नियमही दहा माणसांपासून पुढे. म्हणजे कायद्याने त्यांना फारसं काही मिळणार नाही. म्हणून पगार पुरा द्या, अनुभवाचं पत्र द्या, आणि खेळाच्या शेवटी ज्यांनी काम केलं त्यांची नावं येतात त्यात प्रत्येकाचं नाव घाला. पुढची नोकरी त्यांना त्यावर मिळते. देण्यांचा क्रम असा लावा की पोरांचे पगार सगळ्यांत वर, मग पगारातून कापलेला सरकारचा कर, कारण तो कधी आपला नव्हताच, मग घरमालक, आणि भागीदारांनी घातलेले पैसे अगदी शेवटी. घरमालकाकडची अनामत विसरू नका. कॉम्प्युटर लगेच विका, ती वस्तू दर महिन्याला स्वस्त होते.

आणि एक गोष्ट लाल शाईने लिहून घ्या. दाराला कुलूप लावलं म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बंद होत नाही. कागदोपत्री ती जिवंतच राहते आणि दरवर्षी तिची विवरणपत्रं भरावीच लागतात. नाही भरली तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये दंड चढतो. दिवसाला! तीन वर्षं न भरल्यास संचालकांना पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही. तुमचे यजमान चाळिशीच्या आतले आहेत, त्यांना पुन्हा काही करावंसं वाटेल. त्या वेळी हे आडवं येईल. तेव्हा सी.ए.ला गाठून कंपनी रीतसर रद्द करून घ्या आणि रद्द होईपर्यंत विवरणपत्रं भरत राहा. जीएसटीची नोंदणी असेल तर तीही रद्द करायची. तुमचं नाव संचालक म्हणून टाकलंय का तेही पाहून घ्या. ‘दुसरं नाव लागतं म्हणून’ बायकोचं घातलेलं असतं आणि तिला ते पत्ता विचारायला कोणी आलं की कळतं.

सासूबाईंचं म्हणणं राहिलं. त्यांच्या काळी घराच्या उताऱ्यावर बाईचं नावच नसे, त्यामुळे आडवं येण्याचा प्रश्नही नसे. तुमचं नाव आहे, आणि ते तुमच्या यजमानांनीच हौसेने घातलं असं तुम्ही लिहिता. त्यांना हे भांडून पटणार नाही. एक करा, हिशोबाचा कागद त्यांच्यासमोर वाचा. जन्मभर काटकसरीने संसार केलेल्या बाईला दहा महिन्यांचा हिशोब पटकन कळतो. आणि यजमानांना सही नाकारताना माहेरचं, भावाचं नाव मधे आणू नका. तो वाद मग घराचा राहत नाही, दोन घरांचा होतो. ‘तुमचा खेळ वाईट आहे’ असं तर मुळीच म्हणू नका. तुम्ही तो खेळलाय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. एकदा बसून खेळा. चार महिन्यांत काय कापायचं आणि काय ठेवायचं हे ठरवताना न शिकलेल्या माणसाची नजरच उपयोगी पडते.

शेवटी पहिल्या खेळाविषयी. तो अजून दुकानात आहे आणि महिन्याला थोडेफार पैसे येतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते कोणाच्या खात्यात येतात? कंपनीच्या येत असतील तर कंपनी रद्द होण्याआधी त्या खेळाचे हक्क तिघांपैकी कोणाकडे जाणार आणि वाटणी कशी, हे तिघांनी लेखी ठरवायला हवं. इंडियागेम्सचे बटणांच्या फोनवरचे खेळ आजच्या फोनवर चालत नाहीत. तुमच्याकडे तशी वेळ येऊ नये म्हणून खेळाची मूळ प्रत दोन ठिकाणी जपा, एक भागीदाराकडे आणि एक तुमच्या कपाटात. ॲपलच्या दुकानात वर्षाचे ९९ डॉलर भरले नाहीत तर खेळ खाली उतरवतात. गूगलकडे नोंदणीचे २५ डॉलर एकदाच, पण अधूनमधून खेळ सुधारून दिला नाही तर नव्या फोनवाल्यांना तो दिसेनासा होतो. ऑफिस बंद झालं की या तारखा कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. त्या तुम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.